एकाच वेतातली दोन वाकड्या पायांची पिल्लं

वाकड्या पायाचं पिल्लू दवाखान्यात येतं तेव्हा त्याच्यासोबत निदानही घरूनच आलेलं असतं. मुडदूस झालाय. उपायही ठरलेला असतो: कॅल्शियमची बाटली आणि सकाळचं कोवळं ऊन. बहुतेक वेळा बाटली चालूही झालेली असते. राखणीच्या आणि कळपामागच्या कुत्र्यांच्या बाबतीत हे हमखास घडतं, कारण ही कुत्री अंगापिंडाने मोठी, लांब पायांची आणि भराभर वाढणारी. पाय हेच त्यांचं भांडवल. त्या पायाला बाक दिसला की मालक घाबरतो आणि जो पहिला सांगेल त्याचं ऐकतो.

पुढे मांडलेलं प्रकरण एका धनगरी कुत्रीच्या एकाच वेतातल्या दोन पिल्लांचं आहे. दोघांचेही पुढचे पाय वाकडे झाले, पण अगदी वेगवेगळ्या कारणांनी. एकीसाठी आणलेली बाटली दुसऱ्याला पाजली गेली आणि त्यातून त्याचं नुकसान व्हायची वेळ आली होती. माणसांची आणि गावांची नावं गाळली आहेत.

वाडा, म्हणजे धनगरांचा कळपासकट फिरता तळ, फलटण तालुक्यातला. दिवाळी झाली की बिराड घोड्यांवर आणि आता एका छोट्या टेम्पोत घालून ही मंडळी पश्चिमेला सरकतात. भोर, वेल्ह्याच्या बाजूला शेतकऱ्यांच्या रानात बकरी, म्हणजे शेळ्या-मेंढ्या, बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लांडग्याचं भय असल्यामुळे वाड्यावर तीन-चार कुत्री असतातच. त्यांतली एक दसऱ्याच्या सुमारास व्याली. जगलेल्या पिल्लांपैकी दोन वाड्यावर राहिली आणि एक मादी दोन महिन्यांची झाल्यावर बागायतदार पाहुण्यांच्या मळ्यावर राखणीला गेली. तिचं नाव राणी. वाड्यावरच्या दोघांतल्या एका नराचं नाव खंड्या.

आधी आली राणी. वय चार महिने, वजन नऊ किलो, केस चकचकीत, पोट भरलेलं. पण उभं राहायला तयार नाही. दोन्ही पुढचे पाय कमानीसारखे बाहेर वळलेले, पंजे फाकलेले, पाठीवरून हात फिरवला की किंचाळायची. ताप नव्हता. मनगटाजवळ गरम सूज नव्हती, म्हणजे वाढत्या मोठ्या पिल्लांना तापासकट होणारी हाडांच्या टोकांची जळजळ ही शंका मागे पडली. मग खाण्याची चौकशी केली. पाहुणे अभिमानाने म्हणाले, "डॉक्टर, घरात कुणी खात नाही एवढं ही खातीय. रोज दुकानातनं कलेजी-पोटा आणतो, भाताबरोबर. हाड एक देत नाही, घशात अडकायला नको."

दुखणं नेमकं तिथेच होतं. नऊ किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण दोन ते अडीच ग्रॅम कॅल्शियम लागतं. पाव-अर्धा किलो कलेजी-पोट्यातून मिळतं शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमी. उलट फॉस्फरस भरपूर. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, काळजात त्याहूनही जास्त. पिल्लाच्या आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं वरचढच हवं. आहारातून ते मिळेना की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर धरतात आणि हाडातलं कॅल्शियम काढून रक्ताला पुरवतात. म्हणूनच अशा पिल्लाच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते बहुधा ठीक येतं, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक निर्धास्त होतात. रक्त शाबूत राहतं ते हाडांच्या जिवावर.

एक्स-रेमध्ये हे स्पष्ट दिसलं. हाडं फिकट, भोवतालच्या मांसाहून जेमतेम उठून दिसणारी. हाडाची बाहेरची भिंत पेन्सिलीच्या रेघेएवढी. मागच्या एका मांडीच्या हाडाला घडी पडलेली, आणि कंबरेचं हाड दोन्ही बाजूंनी आत दबलेलं. मात्र हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या चकत्या, म्हणजे ग्रोथ प्लेट, नेहमीच्याच रुंदीच्या होत्या. खरा मुडदूस असता तर त्या रुंद आणि वेड्यावाकड्या दिसल्या असत्या. तो ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि कुत्र्यांत क्वचितच आढळतो. कोवळ्या उन्हाच्या सल्ल्याचा फोलपणाही इथेच कळतो: माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते, कुत्र्याची कातडी गरजेपुरतं बनवू शकत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावं लागतं. राणीला ऊन रोज भरपूर मिळत होतं.

उपचार म्हणून फारसं काही करायचं नव्हतं, आणि हेच पाहुण्यांना पटवणं अवघड गेलं. इंजेक्शन नाही, प्लास्टर नाही, खपच्ची नाही. ठिसूळ हाडाला खपच्ची बांधली तर ती संपते तिथे नवा मोड होतो. कलेजी-पोटा बंद. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य, ज्यात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या एक ते दीड टक्क्यांच्या घरात असतं, तेच आणि तेवढंच. वरून बाटली नाही, कारण खाद्य समतोल असेल तर शरीर आपलं आपण हाड भरून काढतं. गोठ्याच्या कोपऱ्यात जाळी लावून, खाली गोणपाट अंथरून तिला तिथेच ठेवायचं, उड्या नाहीत, पायऱ्या नाहीत. दुखण्यासाठी वजनावर मोजून दिलेलं कुत्र्यांचंच औषध. घरातली माणसांची गोळी देऊ नका हे मी अशा वेळी दोनदा सांगतो. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर तर आपल्याकडे गिधाडांमुळे २००६पासून बंदीच आहे.

आठवड्याभरात राणी वेदनेशिवाय उभी राहू लागली. महिन्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडं पुष्कळ पांढरी दिसली. पुढच्या पायांची कमान वाढीबरोबर निम्म्याहून अधिक भरून आली. कंबरेचं हाड मात्र दबलं ते दबलंच.

आता बाटलीचं. राणीला माझ्याकडे आणण्याआधी पाहुण्यांनी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमचं मोठं सिरप आणलं होतं. मी ते थांबवलं. टाकून कशाला द्यायचं म्हणून ते वाड्यावर पोचलं. तोवर खंड्याचा डावा पुढचा पाय वाकायला लागला होता आणि "बहिणीला झालं तेच ह्याला झालं" असं सगळ्यांचं एकमत होतं. रोज दोन वेळा दोन-दोन चमचे सुरू झाले. पाय सुधारेना, उलट महिन्याभरात बाक नजरेत भरण्याइतका वाढला, तेव्हा त्याला घेऊन वाड्यावरचे आबा आणि आज्जी दोघंही आले.

आबा सगळं श्रेय-अपश्रेय कॅल्शियमला देत होते. आज्जी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी खंड्याचे दोन्ही पाय धरून माझ्यापुढे सरळ केले आणि म्हणाल्या, "सायेब, खाल्लेलं दोन्ही पायांना सारखंच गेलं असंल न्हवं? मग ह्यो उजवा कसा सरळ?"

या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण ते होतं, आणि ते माझं नाही. आहाराचा दोष दोन्ही पायांवर उमटतो. सगळ्या हाडांवर उमटतो. एकच पाय वाकतो तेव्हा त्या पायाला काहीतरी झालेलं असतं. मी विचारलं, हा कधी लंगडला होता का? आधी नाही म्हणाले. मग आज्जींनाच आठवलं: जानेवारीच्या शेवटी बिराड उतरवताना पिल्लू टेम्पोच्या फाळक्यावरून खाली पडलं होतं. चार-पाच दिवस पाय उचलून चाललं, मग पळायला लागलं, म्हणून विषय संपला.

तो संपला नव्हता. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपर ते मनगट दोन हाडं शेजारी शेजारी असतात, रेडियस आणि अल्ना. दोघांनी बरोबरीने वाढायचं असतं, पण त्यांच्या वाढीची वाटणी सारखी नाही. रेडियसची लांबी दोन्ही टोकांच्या चकत्या मिळून वाढवतात, खालची साधारण साठ टक्के आणि वरची चाळीस. अल्नाची जवळजवळ पंच्याऐंशी टक्के वाढ मनगटाकडच्या एकाच चकतीतून होते. शिवाय ती चकती सपाट नसून शंकूसारखी खोलगट असते. त्यामुळे आडवा मार बसला तरी तिथे घसरण न होता दाब बसतो आणि चकतीतल्या वाढत्या पेशी चिरडतात. रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस या टोरांटोच्या शल्यविशारदांनी १९६३ साली मुलांच्या ग्रोथ प्लेटच्या इजांचे पाच प्रकार केले. त्यांतला हा पाचवा. या प्रकाराची पंचाईत अशी की पडल्याच्या दिवशी एक्स-रे काढला तरी त्यात काही दिसत नाही. हाड मोडलेलं नसतं. तीन-चार आठवड्यांनी अल्ना वाढायची थांबते आणि रेडियस वाढतच राहतो. शेजारचं आखूड हाड त्याला धनुष्याच्या दोरीसारखं ओढून धरतं. मग रेडियस पुढे वाकतो, मनगट बाहेर झुकतं, पंजा बाहेर वळतो आणि वर कोपराच्या सांध्यात फट पडायला लागते.

खंड्याच्या एक्स-रेमध्ये हे सगळं होतं. डाव्या अल्नाची खालची चकती बंद, उजवीची उघडी. मनगटाचा झुकाव वीस अंशांच्या आसपास. कोपरात फट पडायला नुकती सुरुवात. आणि हाडांच्या भिंती? जाड, ठणठणीत.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं. मळ्यावर रोज कलेजी खाणाऱ्या राणीची हाडं कागदासारखी झाली आणि भाकरीवर वाढलेल्या खंड्याची उत्तम राहिली. बाजरीच्या भाकरीत कॅल्शियम थोडंच, त्यातलंही काही तिच्यातल्या फायटेटमुळे अडकून पडतं. पण वाड्यावर भाकरी दुधात कुस्करून मिळते. शेळी-मेंढीच्या दुधात कॅल्शियम चांगलं असतं, मेंढीच्या दुधात तर गाईच्या दुधाहून बरंच जास्त. एखादं कोकरू मेलं की त्याची कोवळी हाडं पिल्लं दिवसभर कुरतडत बसतात. आखलेला समतोल आहार हा नव्हे, पण हाडाला लागणारं त्यात होतं. पिढ्यान्पिढ्या या कुत्र्यांचे पाय त्यावरच उभे राहिलेत. "गरिबाघरचं खाणं" म्हणून त्याला नाक मुरडण्याआधी एक्स-रे पाहावा.

त्यात एकच धोका आहे आणि तो मोठा आहे. मेलेल्या मेंढीचं काळीज आणि फुप्फुस कच्चं टाकू नये. त्यात पाण्याने भरलेले फोड असतील तर ते एका पट्टकृमीचे असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे जंत होतात आणि विष्ठेतल्या अंड्यांमधून तेच फोड माणसाच्या यकृतात धरतात. मेंढीच्या मेंदूत फोड होऊन ती एकाच जागी गोल गोल फिरते, तो रोगही कुत्र्यातल्या अशाच दुसऱ्या कृमीमुळे होतो. फोड असलेला अवयव खोल पुरायचा किंवा जाळायचा, आणि कुत्र्यांना प्राझिक्वान्टेलचं जंताचं औषध नियमित द्यायचं. दोन्ही पिल्लांना ते त्याच वेळी सुरू केलं.

तर, खंड्याला कॅल्शियमची गरज नव्हती. नुसती गरज नव्हती एवढ्यावर भागत नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला जादा कॅल्शियम दिलं तर आतडी बरंचसं आत घेत नाहीत. पिल्लाच्या आतड्यांना, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, हा अटकाव जमत नाही. जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त आत जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात हेझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांवर केलेलं काम १९८५ साली प्रसिद्ध झालं. एका गटाला कॅल्शियम बेताचं दिलं, दुसऱ्याला त्याच्या तिप्पट. जादा कॅल्शियमवाल्या पिल्लांत कूर्चेचं हाड होणंच रेंगाळलं आणि सांगाड्याची वाढ बिघडली. पाय सरळ व्हावा म्हणून पाजलेलं औषध पाय वाकडा करू शकतं, हे त्या पिल्लांनी दाखवलं आहे. खंड्याच्या शाबूत उजव्या पायालाही ती बाटली महागात पडली असती. ती त्याच दिवशी बंद झाली.

आहार बदलून किंवा पट्ट्या बांधून बंद झालेली चकती उघडत नाही. काही पिल्लांचं मनगट दीड-दोन महिन्यांच्या वयापासून पुढे नुसतं ढिलं पडतं किंवा दुमडतं, पंजा जमिनीला सपाट टेकतो. ती तक्रार निराळी. त्यांना घसरत्या फरशीवरून मातीवर आणलं आणि खाणं नीट केलं की बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत आपोआप सुधारतं, बांधून ठेवलं तर उलट स्नायू सैल पडतात. खंड्याचं तसं नव्हतं. त्याला शस्त्रक्रियाच हवी होती, आणि लवकर. वय पाच महिने. कुत्र्याच्या या चकत्या आठ-दहा महिन्यांपर्यंत वाढ देतात, पण सगळ्यात वेगाची वाढ आधीच होऊन गेलेली असते. रेडियसमध्ये वाढ शिल्लक आहे तोवर अल्नाची ओढ सोडवली, तर उरलेली वाढ बाक थोडाफार सरळ करते. ती वेळ गेली की मग रेडियस कापून, फिरवून, प्लेट घालून बसवावा लागतो, आणि तो खर्च वाड्याच्या आवाक्याबाहेरचा.

शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईत परळचं, असे दोन्ही पर्याय मी सांगितले. आबांचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. "पाय बरा झाला तर बकऱ्यांमागं चालंल का?" मी म्हटलं, लांब पल्ल्याला बहुधा नाही. राखणीला बसेल. शस्त्रक्रिया केली नाही तर कोपराचा सांधा निखळत जाईल आणि वर्षाच्या आत तो तीन पायांवर येईल. कुत्र्याच्या अंगाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचा पाय अधू झालेलं कुत्रं बरंच काही निभावून नेतं, पुढचा गेला की त्याचे हाल होतात. आबा आज्जींकडे बघत राहिले. आज्जी म्हणाल्या, करून टाका.

शस्त्रक्रिया तशी साधी. अल्नाचा मनगटाच्या वरचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या आवरणासकट काढायचा, म्हणजे दोरी तुटते. पण पिल्लाचं हाड इतकं तत्पर असतं की ती फट काही आठवड्यांत पुन्हा भरून निघते आणि ओढ परत सुरू होते. म्हणून त्याच्याच अंगातला चरबीचा गोळा काढून त्या फटीत बसवायचा. चरबी हाडाला जुळू देत नाही.

खरी कसोटी त्यानंतर लागली. वाडा दर दोन-तीन दिवसांनी रान बदलतो, धूळ, लेंड्या, रात्री दव. बँडेज कोरडं ठेवायला आज्जींनी दुधाच्या पिशव्या धुऊन वापरल्या, फक्त चालवताना घालायच्या आणि मग लगेच काढायच्या, आत घाम साचू नये म्हणून. टाके चाटू नयेत म्हणून प्लास्टिकच्या छोट्या बादलीचा तळ कापून गळ्यात अडकवला. मुक्काम हलताना खंड्या टेम्पोत, पण चढवायचा उचलून आणि उतरवायचा उचलून. टाके निघेपर्यंत दोरीला धरून थोडं थोडं चालणं, नंतर ते वाढवत न्यायचं. पाय वापरायला हवा, कारण वापरातूनच वाढीला दिशा मिळते, मात्र मोकळं पळणं काही आठवडे नाही. वाड्यावरच्या पोरांना त्याच्याशी खेळू न देणं हे सगळ्यात अवघड गेलं.

वर्षाच्या आत शेवटचा एक्स-रे काढला तेव्हा झुकाव दहा अंशांवर आला होता. कोपरातली फट वाढली नव्हती. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला आणि पंजा अजून बाहेर वळलेला आहे. दुडक्या चालीत नीट पाहिलं तर लंगड कळते. दिवसाची लांब चाल त्याला झेपत नाही हे आबांनी स्वतःच ताडलं. आता तो दिवसा मुक्कामावर कोकरांजवळ असतो आणि रात्री वाघरीपाशी, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी. त्याचा भाऊ बकऱ्यांमागे जातो. लांडग्याची चाहूल लागली की पहिला आवाज खंड्याचा असतो, असं आबा सांगतात, आणि राखणीत निम्मं काम त्या पहिल्या आवाजाचंच असतं. चालीत उणा निघाला म्हणून अशा पिल्लाला रस्त्यावर सोडून देणारे मी पाहिले आहेत. त्याच्याजोगतं काम वाड्यावर, मळ्यावर असतं, पण ते शोधायची तयारी लागते. त्याचं वजन मात्र वाढू द्यायचं नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, नाहीतर त्या कोपरात संधिवात लवकर येईल.

दोन्ही घरांनी शेवटी एकच गोष्ट विचारली: यांची पिल्लं घ्यायची का? काही वंशांत वाकडे किंवा आखूड पाय रक्तातूनच येतात. अलास्कन मॅलम्यूट या स्लेज ओढणाऱ्या जातीत तसा खुजेपणा आहे, लॅब्राडोरच्या कामाच्या वंशांतही एक प्रकार आहे. तिथे नर-मादी जपून निवडावी लागते. इथे तसं नव्हतं. राणीचे पाय आहाराने वाकले, खंड्याचा माराने, आणि तिसरं भावंड सरळ पायांचं आहे. खंड्याचा वंश चालवायला हरकत नाही, दिवसभर कळपामागे चालणारी त्याची आई चांगली आहे. राणीचं मात्र नाही म्हणून सांगितलं. तिच्या पोटच्या पिल्लांचे पाय सरळच निघतील, पण दबलेल्या कंबरेतून ती बाहेर यायची नाहीत. पाहुणे आधी नाराज झाले, कारण दोन पिल्लं शेजाऱ्यांना कबूल करून बसले होते. एक्स-रे खिडकीला धरून ती अरुंद वाट त्यांना दाखवली. पहिला माज येण्याआधी तिची नसबंदी झाली, आणि शेजाऱ्यांसाठी आबांनी त्याच कुत्रीच्या पुढच्या वेतातली पिल्लं द्यायचं कबूल केलं आहे, हाडं खाऊ घालायच्या अटीवर.